विद्यापीठ निवडताना नेमकं काय बघायचं? शिकवणं, संशोधन की कॅम्पस?

उत्तरायण

नमस्कार मंडळी,

भौतिकशास्त्रात पदवीचं शेवटचं वर्ष चालू आहे. एमएस्सीसाठी दोन विद्यापीठांकडून होकार आलाय आणि कुठे जाणार ते लवकरच कळवायचं आहे.

एक मोठं, नावाजलेलं. विभागाचे शोधनिबंध भरपूर, उपकरणंही एकाहून एक. दुसरं त्यामानाने लहान, पण तिथे शिकून गेलेले लोक अजूनही तिथल्या शिक्षकांबद्दल भरभरून बोलतात. 'तिथलं वातावरणच वेगळं' हे इतक्या जणांकडून ऐकलंय की त्यात तथ्य असणार. पण वेगळं म्हणजे काय, असं विचारलं की कुणालाच धड सांगता येत नाही.

दोन्हींची माहितीपत्रकं वाचली. दोन्हीकडे दर्जेदार अध्यापन, जागतिक पातळीवरचं संशोधन आणि चैतन्यमय परिसर. त्यावरून काय ठरवणार? बाबांचं म्हणणं, नाव बघ, ते आयुष्यभर पुरतं. दादा म्हणतो, संशोधन कुठे जास्त चालतं ते बघ. मला विचाराल तर चांगलं शिकवणारं माणूस हवं. दुसऱ्या वर्षाला आमच्या मॅडमनी एन्ट्रॉपी शिकवली, त्या दिवशी तास संपला तरी मी जागची हलले नव्हते. तसं पुन्हा व्हावं असं फार वाटतं. पण तेवढ्यावरच एवढा मोठा निर्णय घ्यावा का?

दोन्ही ठिकाणी जाऊन बघायची सोय आहे. तुम्हाला तुमचं विद्यापीठ का आवडलं? आणि तिथे गेल्यावर मी काय बघू, कुणाला काय विचारू?

पायवाट

बाबांचं म्हणणं अगदीच उडवून लावू नकोस. नावाजलेल्या ठिकाणी लांबलांबून हुशार मुलं येतात आणि दोन वर्षं तू त्यांच्याबरोबर असतेस. मी जे शिकलो त्यातलं निम्मं वर्गमित्रांकडून शिकलो. बाकी जाणकार सांगतीलच.

निर्वात

उत्तरायण, मी प्रायोगिक भौतिकीतली. पीएचडी झाली, आता शिकवते आणि प्रयोगशाळाही सांभाळते. विषय जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

शिकवणं, संशोधन आणि कॅम्पस असे तीन रकाने पाडून प्रत्येकाला गुण देऊ नकोस. विद्यार्थ्याला विद्यापीठाची ओढ लागते ती माझ्या मते एकाच गोष्टीमुळे: न सुटलेल्या प्रश्नाच्या किती जवळ जाऊ देतात. शाळेपासून आपण सुटलेलेच प्रश्न पुन्हा सोडवत आलेलो असतो, उत्तर पुस्तकाच्या शेवटी छापलेलं असतं. विद्यापीठात पहिल्यांदा असं माणूस भेटतं ज्याला स्वतःलाच उत्तर माहीत नाही, आणि तरी ते शांतपणे कामाला लागलेलं असतं. हे जवळून बघायला मिळालं की मुलं त्या जागेच्या प्रेमात पडतात.

मी एमएस्सीला असताना आमच्याकडे एक निर्वात यंत्रणा होती, म्हणजे आतली हवा पंपाने उपसून काढायची. पंप चालू, पण दाब एका आकड्याच्या खाली उतरेना. म्हणजे कुठेतरी गळती. ती शोधायची रीत अशी, की हेलियमचा बारीक फवारा एकेका जोडावर धरायचा आणि यंत्रणेला लावलेल्या शोधकाचा आकडा बघत राहायचं. सुरुवात वरच्या जोडापासून करायची, कारण हेलियम वर चढतो. खालून सुरुवात केली तर तो वरच्या एखाद्या फटीतून आत शिरतो आणि संशय भलत्याच जोडावर जातो. आमचे सर, ज्यांच्या शोधनिबंधांची यादी संपता संपत नसे, टॉर्च घेऊन चक्क जमिनीवर आडवे झाले होते. फवाऱ्याची नळी त्यांनी माझ्या हातात दिली होती. एका जोडापाशी आले आणि आकडा झर्रकन वर गेला. नळी बाजूला केली, खाली आला. पुन्हा धरली, पुन्हा वर. सरांनी तो जोड उघडला. आतल्या तांब्याच्या कडीवर नखाला जेमतेम जाणवेल असा ओरखडा होता. ती कडी माझ्या तळहातावर ठेवत ते म्हणाले, "नख फिरवून बघ."

वायूंचा गतिसिद्धांत मी तोवर परीक्षेपुरता वाचलेला. त्या रात्री पुस्तक काढून मीन फ्री पाथचं (दोन टकरींच्या मधे रेणू सरासरी किती अंतर जातो, त्याचं) प्रकरण पहिल्यापासून वाचलं, कारण आता ते रेणू कुठल्या फटीतून येतात ते मी पाहिलं होतं. याला शिकवणं म्हणायचं की संशोधन? मला तरी वेगळं काढता येत नाही.

ही कल्पना जुनी आहे. १८१० साली बर्लिनचं विद्यापीठ सुरू झालं. त्यामागे विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट या जर्मन विचारवंताची भूमिका अशी, की शिक्षक हा विद्यार्थ्यासाठी नाही. दोघंही ज्ञानासाठी आहेत. पुढे १८२४ साली जर्मनीतल्याच गिसेन या लहानशा गावातल्या विद्यापीठात युस्टुस लीबिग रसायनशास्त्राचा प्राध्यापक म्हणून आला, वय वर्षं एकवीस. तोवर बहुतेक ठिकाणी प्राध्यापकांनी प्रयोग करून दाखवायचे आणि मुलांनी ते लांबून बघायचे, अशी पद्धत. लीबिगने मुलांना प्रयोगशाळेत आणून रासायनिक विश्लेषण त्यांच्या हाताने करायला लावलं, आणि बघता बघता परदेशातली मुलंही त्या आडगावी येऊ लागली. ऑगस्ट केकुले गिसेनला आला होता वास्तुशास्त्र शिकायला. लीबिगची व्याख्यानं ऐकली आणि तो रसायनशास्त्राकडे वळला. बेंझिनच्या रेणूची वलयाकार रचना मांडणारा तो हाच. तुझं एन्ट्रॉपीच्या तासाला जे झालं ते साधारण असंच. फक्त व्याख्यान संपल्यावर केकुलेसाठी प्रयोगशाळेचं दार उघडं होतं. तुझ्यासाठी ते कुठे उघडं असेल, ते तुला शोधायचंय.

आता मोठ्या उपकरणांबद्दल. उपकरण आहे का, यापेक्षा त्याला हात कोण लावतं हे विचार. जोसलिन बेल १९६५ साली केंब्रिजला पीएचडीसाठी आल्या तेव्हा त्यांची दुर्बीण बांधून व्हायची होती. खांब ठोकायचे, तारा ओढायच्या, जोडण्या करायच्या, यात सगळ्या गटाची जवळजवळ दोन वर्षं गेली. साडेचार एकरांवर पसरलेली ती रेडिओ दुर्बीण १९६७ मध्ये सुरू झाली. ती चालवायची आणि तिच्यातून निघणारी कागदाची पट्टी, दिवसाला सुमारे ३० मीटर, नजरेखालून घालायची हे काम त्यांच्याकडे आलं. त्या पट्टीवर एका ठिकाणी जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरभर खरखर दिसली. ती नेहमीच्या स्रोतांसारखी नव्हती आणि माणसांच्या यंत्रांमुळे येणाऱ्या व्यत्ययासारखीही नव्हती. त्यांना आठवलं की आकाशाच्या याच तुकड्यातून असं काहीतरी आधीही येऊन गेलंय. मग कागद जास्त वेगाने सरकवून नोंद घेतली, तेव्हा त्या खरखरीतले ठोके सुटे झाले, दर १.३ सेकंदांना एक. पहिला पल्सार, म्हणजे ठरावीक तालात रेडिओ ठोके पाठवणारा फिरता तारा!

१९७४ चं नोबेल त्यांचे मार्गदर्शक अँटनी ह्यूइश आणि मार्टिन राइल यांना मिळालं, बेल यांना नाही. मला ते आजही खटकतं. पण आपण बोलतोय विद्यापीठाबद्दल. ती खरखर त्यांच्या नजरेतून सुटली नाही, कारण ज्या तारांमधून ती आली त्या तारा ओढताना त्या तिथे होत्या. २०१८ साली त्यांना ३० लाख डॉलरचं पारितोषिक मिळालं, ते त्यांनी सगळंच्या सगळं भौतिकशास्त्रात पीएचडी करणाऱ्या, ज्यांना इथवर पोचणं अवघड जातं अशा विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी देऊन टाकलं.

पीएचडीपर्यंत थांबायलाच हवं असंही नाही. एमआयटीमध्ये १९६९ पासून एक योजना आहे, त्यात पदवीची मुलं प्राध्यापकांच्या चालू संशोधनात क्रेडिटसाठी किंवा मानधनावर काम करतात. तुझ्या दोन्ही ठिकाणी असं काही आहे का, की पहिलं वर्ष ठरलेले प्रयोग ठरलेल्या उत्तरापर्यंत नेण्यातच जातं?

भेटीच्या दिवशी विभागप्रमुखांना भेटच, पण खरी माहिती दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडे असते. प्रोजेक्टचा विषय कसा मिळाला, गाइड शेवटचे कधी भेटले, उपकरणासाठी नाव नोंदवल्यावर विद्यार्थ्याचा नंबर कधी लागतो, आणि यंत्र बंद पडलं तर ते उघडतं कोण, हे त्यांना विचार. आणखी एक. उपकरणाशेजारी लॉगबुक असतं. परवानगी घेऊन चाळ. त्यात वेगवेगळी अक्षरं दिसली, 'दाब पुन्हा वाढला, कारण कळलं नाही' असल्या नोंदी दिसल्या, तर तिथे मुलं खरोखर काम करतात असं समज.

उत्तरायण

निर्वातताई, किती मनापासून लिहिलंत! लॉगबुकचं लिहून ठेवलंय.

एक विचारू? मी तशी बुजरी आहे. क्लब, महोत्सव, नाटक यांत माझा जीव रमत नाही, आणि कॅम्पस म्हटलं की सगळे तेच सांगतात. मग माझ्यासारखीला कॅम्पसचा काय उपयोग? लांब कुठेतरी खोली घेऊन राहिलं आणि तासांपुरतं गेलं तर काही बिघडेल का?

अपूर्णांक

यावर मी बोलू शकतो. गणितवाला आहे आणि गर्दीत माझाही जीव घाबरा होतो.

लांब खोली घेऊ नकोस, निदान पहिलं वर्ष तरी. कॅम्पसचं मोल महोत्सवात नाही, वेळापत्रकात न बसणाऱ्या वेळात आहे. तास संपल्यावर जी माणसं आसपास रेंगाळतात, त्यांच्यात.

आमच्या विभागात जिन्याजवळच्या बोळात एक फळा होता. कुणाच्या तासाचा नव्हता, नुसता भिंतीवर लावलेला, खाली खडू. वर्गात मी तोंड उघडत नसे. एका संध्याकाळी तिथे एक सिद्धता अर्ध्यापर्यंत लिहिली आणि अडलो तिथे प्रश्नचिन्ह काढून निघून आलो. सकाळी बघतो तर माझ्या तिसऱ्या ओळीखाली बाण, आणि दुसऱ्याच कुणाच्या तिरप्या अक्षरात 'हे संहत असेल तरच'. मी गृहीतक बदलून पुढे लिहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बाण. ते अक्षर पीएचडी करणाऱ्या एका दादाचं होतं हे फार उशिरा कळलं. तोवर आमचं बरंच बोलणं झालेलं होतं, सगळं खडूने. पुढे त्यानेच मला आठवड्याच्या वाचनगटात ओढलं. तिथे पाच-सहा डोकी, एक शोधनिबंध, आणि कुणी अडलं की सगळे थांबणार. बुजऱ्या माणसाला याहून चांगली जागा नाही.

गणितात याची मोठी परंपरा आहे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ल्वूव शहरातले (तेव्हा पोलंड, आता युक्रेन) गणिती एका कॅफेत तासन्‌तास बसत. स्टेफान बानाख, स्तानिस्लाव मझूर अशी बडी मंडळी, आणि त्यांच्यात वयाने लहान असलेला उलाम. संगमरवरी टेबलांवरच पेन्सिलीने लिहायचे. टेबल पुसलं की काम गेलं! म्हणून १९३५ साली बानाखच्या बायकोने एक जाड वही आणून दिली. ती कॅफेतच असायची, कुणीही मागून घ्यावी आणि आपला प्रश्न लिहावा. काही प्रश्नांना बक्षिसं लावलेली होती. मझूरने १९३६ साली लिहिलेल्या एका प्रश्नाला बक्षीस होतं जिवंत हंस. पेर एन्फ्लो या स्वीडिश गणितज्ञाने तो प्रश्न सोडवला, आणि १९७२ मध्ये मझूरने स्वतः त्याच्या हाती हंस दिला. मधे महायुद्ध होऊन गेलं, ते शहर दुसऱ्या देशात गेलं, तरी शब्द पाळला. मला ही गोष्ट फार आवडते.

तर भेटीला जाशील तेव्हा तास संपल्यावर लगेच निघू नकोस. बोळात उभी राहा. लोक दारं लावून निघून जातात की फळ्याशी घोटाळतात, ते बघ. ग्रंथालयात कपाटं खुली आहेत का, तेही बघ. चिठ्ठी देऊन पुस्तक मागवावं लागत असेल तर मागितलेलंच पुस्तक मिळतं. स्वतः कपाटाशी गेलीस तर त्याच्या शेजारचं हाती लागतं, आणि माझ्या बाबतीत बऱ्याचदा ते शेजारचंच कामाचं निघालं. ग्रंथालय रात्री किती वाजेपर्यंत उघडं असतं आणि तिथून खोलीवर मुलीला एकटीने निर्धास्त परतता येतं का, हे तिथल्या मुलींनाच विचार.

दप्तरखाना

मी इतिहासवाली. निर्वात यांचं बरंचसं पटलं, पण एक मुद्दा नाही पटला. संशोधन जवळ असलं की शिकवणं आपोआप चांगलं होतं, असं अजिबात नाही. मी एमए केलं त्या विभागात मोठमोठी नावं होती. त्यातलं एकही नाव पहिल्या वर्षाच्या वर्गात उगवलं नाही. आम्ही महिना-महिना खपून लिहिलेले निबंध परत यायचे ते वर नुसता गुण टाकून. आत पेनाची एक रेघ नाही. तेव्हाचा राग अजून गेलेला नाही.

म्हणून मी एकच गोष्ट बघायला सांगेन: तुझं लिहिलेलं कोण वाचतं. ऑक्सफर्डच्या ट्यूटोरियल पद्धतीचं एवढं नाव आहे, त्यात मुळात तेवढंच आहे. एक, दोन, फार तर तीन विद्यार्थी, समोर शिक्षक, आणि आठवड्याला लिहिलेल्या निबंधावर समोरासमोर चर्चा. लपायला जागाच नाही. आमच्या विषयातला सेमिनारसुद्धा असाच मोठा झाला. लिओपोल्ड फॉन रांके बर्लिनमध्ये विद्यार्थ्यांना घरी बोलवायचे आणि मूळ कागद पुढ्यात ठेवून वाचून घ्यायचे, हे खरं कशावरून, ते कुणी लिहिलं, कुणासाठी लिहिलं, असं विचारत. आणि त्याही आधी, मध्ययुगात, इटलीतल्या बोलोन्याला तर विद्यार्थ्यांचा संघच शिक्षक नेमायचा. तासाला उशिरा आलेल्या शिक्षकाला दंड व्हायचा. शिकवणं नीट व्हावं हा आग्रह विद्यापीठाइतकाच जुना आहे, त्यामुळे तो धरायला संकोचू नकोस.

पीएचडीला मला नशिबाने वेगळे गाइड मिळाले. पहिलं प्रकरण परत आलं ते समासात पेन्सिलीने भरून. एका पत्राशेजारी एवढंच लिहिलं होतं: 'ही नक्कल. मूळ पाहिलंस?' मी अभिलेखागारात जाऊन मूळ काढून घेतलं. नकलणाऱ्याने महिना चुकवला होता. एका महिन्याच्या फरकाने ते पत्र लढाईच्या आधी लिहिलेलं न राहता लढाईनंतरचं झालं, आणि माझं अख्खं प्रकरण उलटं फिरलं. तो समास मी जपून ठेवलाय.

तेव्हा दुसऱ्या वर्षाच्या मुलांना सांग, तुमचा तपासून आलेला एखादा रिपोर्ट दाखवा. पान उलटताच कळेल.

निर्वात

दप्तरखाना, मान्य. जवळीक आपोआप येत नाही, कुणीतरी वेळ काढून ती द्यावी लागते. रिपोर्ट बघायची कल्पना फार आवडली, मी आमच्याही मुलांचे काढून बघणार आहे.

उत्तरायण

दोन्हीकडे जाऊन आले! तुम्ही सगळ्यांनी सांगितलं म्हणून कितीतरी गोष्टी दिसल्या, नाहीतर इमारती बघून परत आले असते.

लहान विद्यापीठातला तास अप्रतिम होता. सरांनी मधेच थांबून, 'इथे मलाही पूर्ण समाधान नाही, तुम्ही विचार करा' असं सांगितलं आणि तास संपल्यावर तिघी-चौघी त्यांच्याभोवती तशाच उभ्या. तपासलेले रिपोर्ट बघितले, लाल शाईने भरलेले. पण लॉगबुकमध्ये नोंदी थांबलेल्या. मुख्य उपकरण दुरुस्तीअभावी बंद आहे आणि कधी सुरू होईल ते कुणालाच ठाऊक नाही.

मोठ्या विद्यापीठात उलट. सगळं चकाचक, पण बहुतेक लॉगबुकांत एकच अक्षर, तिथल्या तंत्रज्ञांचं. विद्यार्थी नमुने देतात आणि आलेख परत घेतात. मी जवळजवळ मनातून काट मारली होती. मग तळघरातल्या एका छोट्या प्रयोगशाळेत गेले. कमी तापमानावर काम करणारा गट आहे. तिथे एमएस्सीच्या एका मुलीने मला स्वतः जोडलेली सगळी मांडणी दाखवली, कुठली तार का तुटते तेसुद्धा. लॉगबुक तिच्यासारख्यांच्याच अक्षरात. मॅडम आत आल्या आणि त्यांनी आधी तिलाच विचारलं, "काल रात्री काय झालं?"

आता मन तिकडे ओढतंय. पण त्या गटात जागा मिळेलच असं नाही. प्रवेशाआधी मॅडमना लिहिलं तर चालतं का? आगाऊपणा वाटेल का?

निर्वात

अजिबात नाही, आजच लिही. ईमेल छोटी ठेव. कोण आहेस, कधी येऊन गेलीस, त्या मुलीने दाखवलेल्या मांडणीतलं काय आवडलं आणि काय कळलं नाही. ते न कळलेलं नक्की लिही, मी अशा ईमेलला आधी उत्तर देते. एमएस्सीचे प्रोजेक्ट त्या कधी वाटतात आणि पहिल्या सत्रात नुसतं बसून बघायला येऊ का, एवढंच विचार. आठवडाभरात उत्तर आलं नाही तर पुन्हा एक ओळ टाक, त्यात वावगं काही नाही. आणि त्या मुलीचा संपर्क घेतला असशील तर तिला विचार, मॅडम पुढची दोन वर्षं तिथेच आहेत ना, की मोठ्या रजेवर जाणार आहेत. हे विचारायचं बरेच जण विसरतात.

लहान विद्यापीठातल्या त्या सरांनाही लिही. त्यांचं समाधान न झालेला मुद्दा कुठला होता? इथेही टाक, आपण बघू.